दऱ्यापाड्याचा ऱ

"परत करी दखाडा."

चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि समोरच्याला एवढंच सांगायचं. आमच्या तळोद्याच्या गल्लीत मास्तरांचं हे वाक्य ऐकलं नाही असं माणूस नव्हतं. मिक्सर बिघडला, परत करी दखाडा. मोटार पाणी ओढत नाही, परत करी दखाडा. एकदा त्यांची बायको म्हणाली, "मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं." हे सवयीने तेच बोलून गेले. ती म्हणाली, "तुमनं फोडी दखाडू का?"

हसू नका. बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला तरच तो सापडतो, असं त्यांचं म्हणणं. टायपिंगचा क्लास बंद पडल्यावर हे गृहस्थ पन्नाशीत कॉम्प्युटरची भाषा शिकले, तीही एकट्याने. मी चौथी पास, माझंही पुढचं सगळं बघून बघून. म्हणून आमचं जमायचं.

मी तेव्हा एका छोट्या दवाखान्यासाठी सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, रुग्णांची यादी ठेवायची. मास्तरांनी ती कॉम्प्युटरवर बसवून दिली होती. मी फोनवरून नावं घालायची, नर्सबाई दवाखान्यातून. दर महिन्याला यादी छापायची, तेवढी औषधं पिशवीत भरायची आणि जीप डोंगरात पाठवायची.

एका महिन्यात डोंगरातल्या दऱ्यापाडा गावाची निम्मी नावं कागदावर आलीच नाहीत. तिथली सात महिन्यांची पोटुशी बाई दिवसभर फाट्यावर उभी राहिली, जीप आली, पण पिशवीत तिचं औषध नव्हतं. चार दिवसांनी तिला झोळीत घालून खाली आणलं. रक्त चढवावं लागलं. बाई वाचली. तिचं नाव तर मीच घातलं होतं!

मास्तरांनी माझा फोन घेतला. "परत करी दखाडा, ताई." मी दऱ्यापाडा लिहिलं. नर्सबाईंनी लिहिलं. डोळ्यांना दोन्ही एकच. पण आत बघितलं तर माझ्या फोनमधला ऱ आयता, अख्खा, आणि दवाखान्यातला ऱ म्हणजे र खाली टिंब लावून घडवलेला. दिसायला एक, आतून दोन, असे जुळे एकच धरायची सोय यादीच्या कॉम्प्युटर-भाषेत होती. तिच्या तक्त्यातून नेमका आपला ऱ सुटला होता. म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी दऱ्यापाडे दोन झाले, आणि छापला गेला एकच.

मास्तरांनी आमच्या यादीला त्याच दिवशी ठिगळ लावलं. मला वाटलं, सुटलो. ते म्हणाले, "आपली यादी सुधरनी. याच भाषामा आखो कितल्या याद्या व्हतीन, तठला बायास्नं काय?"

ती भाषा कुणाच्या मालकीची नाही हो. जगभरचे लोक मिळून ती घडवतात. चूक कुणीही कळवावी, दुरुस्ती कुणीही पाठवावी. राखणदार तपासून आत घेतात. मास्तरांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीत तक्रार लिहिली, दोन्ही दऱ्यापाडे शेजारी शेजारी मांडून. उत्तर आलं, दोन्ही शब्द आमच्याकडे सारखेच निघतात, चूक आढळत नाही. तक्रार बंद. पुन्हा लिहिलं. पुन्हा बंद.

त्या भाषेची नवी आवृत्ती शनिवारी गोठणार होती, त्यानंतर सहा महिने काही शिरणार नव्हतं. आणि शुक्रवारी मास्तरांना छातीच्या ऑपरेशनसाठी सुरतला जायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कसला ताण नको. गुरुवारी मी गेले तर हे घामाने भिजलेले.

"मी काय खोटं बोली ऱ्हायनू का, ताई? मन्हाकडे दिसस, त्यास्ले दिसत नही."

बायको दारातून ओरडली, "बॅग भरानी शे! ऱ मरू द्या!"

मला काय सुचणार? मी आपलं माझं सांगितलं. लग्नानंतर मी माहेरी पत्र लिहायची, दीर ते टपालात टाकायचे आणि टाकण्याआधी माझं शुद्धलेखन सुधारायचे. माझी एक चूक कधी माहेरी पोचली नाही. म्हटलं, "मास्तर, तुमची चिठ्ठीही वाटेत कुणी सुधारत नसेल ना?"

त्यांनी झटकन चष्मा पुसला. मग पाठवलेली तक्रार उघडून त्यातली अक्षरं तपासली. दोन्ही ऱ आयते! इंटरनेटच्या ज्या पानावर तक्रार चिकटवली, त्या पानानेच परस्पर टिंबवाला ऱ सरळ करून टाकला होता. पलीकडे चूक पोचलीच नव्हती.

या खेपेला त्यांनी अक्षरं पाठवली नाहीत, अक्षरांचे कॉम्प्युटरमधले क्रमांक पाठवले. सोबत दुरुस्तीची एक ओळ आणि पडताळणीला शब्द, दऱ्यापाडा. पाठवून झाल्यावर नर्सबाईंना फोनवर बजावलं, नवी आवृत्ती आली की माझं ठिगळ काढा, नाहीतर खरं काय ते कळायचं नाही.

शनिवारी दुपारी दुरुस्ती आत घेतल्याचा निरोप आला. मास्तर तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते. तिथून ते उठले नाहीत.

पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती आली. दवाखान्यात नर्सबाई, मी आणि मास्तरांची बायको. नर्सबाईंनी दुरुस्ती करणाऱ्यांची नावं वाचायला घेतली, तशी मास्तरांची बायको म्हणाली, "त्यास्नं नाव ऱ्हाऊ द्या. ती बाई कशी शे?"

बाई बाळंत झाली होती. मुलगी. तिचीही तपासणी करायची होती, म्हणून यादीत नाव हवं होतं. नर्सबाईंनी ठिगळाची ओळ काढली. आईचं नाव माझ्या फोनमधून गेलेलं, म्हणून मुलीचं त्यांनी दवाखान्यातून घातलं, टिंबवाल्या ऱ ने गाव लिहिलं, आणि आम्ही तिघी पडद्याकडे बघत राहिलो.

नाव सरकत सरकत गेलं आणि आईच्या खाली जाऊन बसलं.