सॉसला सुटलेलं पाणी

माझ्या घरच्या टोमॅटो सॉसला बशीत पाणी सुटतं. आजही कटलेटभोवती पाण्याचं कडं जमलं आणि मला धाकट्या जावेचा, सुमनचा, राग आला. तिचा सॉस कसा जागच्या जागी बसून राहतो! मागे न राहवून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही हो ताई, चिमूटभर गवार गम घालते." म्हणजे गवारीच्या बियांचं पीठ. ना चव, ना वास. टोमॅटो आटवताना हात पोळतात माझे, आणि पाणी धरून ठेवतं ते हे पीठ! तिनं आठवणीनं दिलेली पुडी मी फडताळात मागे सारून ठेवलीय.

सुमन तशीच आहे. स्वयंपाक बेताचा, बोलणंही बेताचं. पण ती पानावर बसली की एरवी एकमेकांवर डाफरणारे दोघे भाऊ उठून जात नाहीत. सासूबाईंना दुसरी पोळी जाते. मग मी एवढी राबते, त्यात काय कमी पडतं?

सध्या ती माहेरी गेलीय. दोघे भाऊ आपापली बशी घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत गेले. सासूबाई अर्धं कटलेट तसंच ठेवून म्हणाल्या, "सुमन कधी येणार गं?"

"येईल," म्हणाले, आणि बशीतलं पाणी चमच्यानं सॉसमध्ये ढवळून टाकलं. बघता बघता ते पुन्हा सुटलं.