तीनदा ओढलेलं कुलूप

कुलूप लावलं की काका ते तीनदा ओढून बघत. मग ते घराच्या दाराचं असो, सायकलचं असो, नाहीतर तळघरातल्या बटाट्यांच्या खोलीचं. आम्ही सगळे उ-बान, म्हणजे इथली मेट्रो, चुकेल म्हणून खाली ताटकळत असू आणि वर काकांचं खट, खट, खट चाललेलं असे. त्यामुळे जर्मनीतल्या या त्सुफेनहाउझेनच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव कुलूपकाका पडलं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. "पहिल्यांदा ओढायचं कायद्यासाठी, दुसऱ्यांदा आपल्यासाठी," ते सांगत. आणि तिसऱ्यांदा? "तिसरं उगाच."

काका मूळचे सांगलीचे. विशी-बाविशीत इथे आले ते एका कारखान्यात टूलमेकर म्हणून, आणि इथलेच झाले. अनेलिझकाकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहत. त्यांच्या जर्मनला सांगलीचा हेल होता आणि मराठीत जर्मन पेरलेलं असे. "आल्झो, पिठलं करणार असशील तर एक हाक मार," असं ते जिन्यातूनच सांगून जात.

मी नवऱ्याच्या, मंदारच्या, मागे इथे आले तेव्हा घरात बसून नुसती कुढत होते. नोकरी नाही, भाषा नाही, क्लासमध्ये आपला जर्मन लिंगांचा, 'डेर-डी-डास'चा घोळ. एकदा बोलता बोलता मी काकांना म्हटलं, कॉलेजात एनसीसीत होते, रायफल चालवायचे, एक पदकही मिळालंय. काकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "आणि हे तू आत्ता सांगतेस?" पुढच्याच शनिवारी ते मला त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेले. तिथल्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे आधी कौतुकाने पाहिलं, मग माझं कार्डबोर्डचं टार्गेट पाहिलं, आणि मग मला बसायला खुर्ची दिली. या देशात मला पहिल्यांदा कुणी काही विचारलं ते तिथे. नीला, तुम्ही श्वास कधी रोखता?

काकांचं पिस्तूल जुनं होतं. लहान गोळीचं, लाकडी मुठीचं, फक्त नेमबाजीसाठी बनवलेलं. त्यांच्या कारखान्यातल्या मास्टरने ते त्यांना विकलं होतं. विकलं म्हणायचं इतकंच. मास्टरने एकदा काकांच्या डब्यातला चिवडा खाल्ला होता आणि किंमत म्हणून तोच मागितला: दर ख्रिसमसला एक डबा, मी जिवंत असेपर्यंत. काकांनी तो शब्द वीस-बावीस वर्षं पाळला. "त्या वेळी काय, एक सही, एक शिक्का, झालं," काका सांगत. "आता बघ."

आता खरंच बघण्यासारखं होतं. काकांचा हात थरथरू लागला होता आणि पिस्तूल माझ्याकडे यावं असं त्यांच्या मनात होतं. पण इथे पिस्तूल म्हणजे काही जुनी सायकल नव्हे, की जाहिरातीचा कागद चिकटवला आणि विकून टाकली. घेणाऱ्याकडे आधी शस्त्र परवान्याचं हिरवं कार्ड हवं, आणि त्यावर नेमक्या त्याच प्रकारच्या शस्त्राची परवानगी हवी. त्या कार्डासाठी क्लबात वर्षभर नियमित हजेरी, जर्मनमधून परीक्षा, घरात ठराविक दर्जाची तिजोरी. व्यवहार झाला की विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही परवान्याच्या ऑफिसात कळवायचं. मी वैतागून म्हटलं, "काका, याच्यापेक्षा मुलगी दत्तक घेणं सोपं असेल." काका म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. आणि तसंच असायला पाहिजे."

मी नेटाने वर्ष पुरं केलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काका रोज संध्याकाळी वर येऊन माझ्याकडून प्रश्न घोटून घेत आणि उत्तर चुकलं की पिठल्याला नावं ठेवत. मी पास झाले. मंदारने भिंतीत तिजोरी बसवून घेतली आणि आम्ही कार्डाची वाट पाहू लागलो.

त्याच वर्षी जवळच्या एका गावातल्या शाळेत एक मुलगा घरातलं पिस्तूल घेऊन गेला. त्या दिवसाबद्दल इथे कुणी मोठ्या आवाजात बोलत नाही, मीही बोलणार नाही. त्यानंतर कायदा आणखी कडक झाला. शस्त्र नीट ठेवलंय का, हे बघायला ऑफिसचे लोक आता न कळवता घरी येणार होते. क्लबात म्हातारे खवळले. आम्ही काय चोर आहोत? बरेच जण वैतागून पिस्तुलं विकायला निघाले, पण घेणारे कुठे होते? शस्त्रांचा दुकानदार म्हणे, मोडीत घाला. काका एकटेच उठून उभे राहिले. "तिथे पोरं गेली. मला तिजोरी उघडून दाखवायला काय जातं?"

आणि मग खंडेनवमी आली. काका दरवर्षी एकटेच शस्त्रपूजा करत. या वेळी म्हणाले, "पुढच्या वर्षी ते तुझ्या घरी असणार. यंदा तुम्ही दोघं या." पाटावर पिस्तूल होतं, रिकामं, खाली लाल कापड, भोवती काकांच्या बाल्कनीतला झेंडू. शेजारी त्यांचा जुना मायक्रोमीटर. काकांनी हळदीकुंकू वाहिलं. मंदार नारळ फोडायला उठतोय तोच बेल वाजली. काका दार उघडायला गेले.

दारात ऑफिसच्या दोन बायका होत्या. तिजोरी बघायला आल्या होत्या.

मंदार घाईने पुढे झाला. "काका, आधी ते आत ठेवा. त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगा."

"नको," काका म्हणाले. "आहे तसं बघू दे."

त्यांनी बघितलं. उघडी, रिकामी तिजोरी. पाटावर पिस्तूल. उदबत्तीचा धूर. थोरल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही दार उघडायला आलात तेव्हा याच्याजवळ कोण होतं?" काकांनी आमच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. आयुष्यभर तीन तीनदा कुलूप ओढणारा माणूस पिस्तूल उघड्यावर ठेवून खोलीबाहेर गेला होता, आणि खोलीत परवाना नसलेले आम्ही दोघं होतो. "ही दोघं," काका म्हणाले. "चूक माझी आहे." पूजा म्हणजे काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

त्या रात्री मला रडू आलं. त्यांचं कार्ड जाणार, पिस्तूल जाणार, आणि ते माझ्यामुळे, असं मला वाटत राहिलं. सकाळी काका वर आले ते कोट घालूनच. "मी त्यांना नाही, स्वतःलाच सापडलो," म्हणाले. मग ते स्वतः ऑफिसात गेले, झालेलं सगळं लिहून दिलं आणि आपलं कार्ड आपणहून परत करतो म्हणाले. पिस्तूल त्यांनी दुकानदाराकडे ठेवायला दिलं. ऑफिसने मुदत दिली: वर्ष संपायच्या आत परवाना असलेल्या माणसाला विका, नाहीतर ते मोडीत जाईल.

माझं कार्ड येईना. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मी रोज पोस्टाची पेटी उघडायची आणि नुसती जाहिरातीची पत्रकं घेऊन वर यायची. पेटीचं झाकण वाजलं की काकांचं दार किलकिलं होई. अखेर ख्रिसमसच्या आठवडाभर आधी ते पाकीट आलं. मी जिन्यात उभी राहूनच ओरडले. मराठीत ओरडले की जर्मनमध्ये, ते आता आठवत नाही.

दुकानात आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि तिथून थेट ऑफिसात गेलो. टेबलामागे त्याच थोरल्या बाई होत्या. त्यांनी कागद नीट वाचले, शिक्का मारला आणि काकांना विचारलं, "त्या दिवशीची ती केशरी फुलं कुठली होती?" काकांनी त्यांना झेंडूचं बी द्यायचं कबूल केलं आणि वसंतात नेऊनही दिलं. किंमत काय, असं मी घरी आल्यावर विचारलं. काका म्हणाले, "तुला माहितीय." चिवडा मी त्याच संध्याकाळी केला. शेंगदाणे जरा करपले. काकांनी ते बोलून दाखवलंच.

पुढच्या खंडेनवमीला मी पिस्तूल बाहेर काढलं नाही. तिजोरीच्या बंद दाराला हळदीकुंकू लावलं आणि त्याच्या मुठीवर झेंडूचं फूल ठेवलं. काका आले, पुढे झाले, फूल बाजूला केलं आणि मूठ तीनदा ओढून बघितली. मग हात जोडले.

काकांना मी सहा डबे चिवडा देऊ शकले. आता क्लबात नव्या बायकांना मी शिकवते, आणि त्यांना आधी नेम नाही, कुलूप शिकवते. पहिलं ओढणं कायद्यासाठी, दुसरं आपल्यासाठी, हे मीही त्यांना सांगते. तिसरं कशासाठी, असं त्या विचारतात, तेव्हा काकांसारखं "उगाच" म्हणायला जाते आणि माझ्याच्याने म्हणवत नाही.