दाजींचा दगड

उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूवर काडीचाही विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच घरी माझी थोरली बहीण दिली. आमचे दाजी ट्रक चालवतात. चालत्या ट्रकमध्ये ते इतके निवांत असतात की घाटातल्या वळणावरसुद्धा भजन गुणगुणतात; पण ट्रक एकदा उभा राहिला की त्यांचा जीव टांगणीला लागतो. "चालती गाडी आपल्या हातात असती, पाव्हणं," ते मला सांगतात. "उभी गाडी कुणाच्या हातात हाय, सांगा बरं?"  त्यामुळे बीडला ऑफिसबाहेर लावलेली माझी मोटारसायकल जागेवर आहे ना, हे मी हल्ली कामं सोडून खिडकीतून बघत असतो.

या सगळ्याच्या मुळाशी हवा आहे. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन चालू असलं की टाकीत हवा भरते आणि पाय दाबला की तीच हवा चाकं धरते. दाजींचा पहिला ट्रक जुन्या पद्धतीचा होता. त्यात हवा गेली की ब्रेक गेला, आणि हँडब्रेक म्हणजे शोभेचा दांडा. तरुणपणी एका धाब्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाचा ट्रक डोळ्यांदेखत निघून जाताना पाहिला होता. ड्रायव्हर हवेच्या भरवशावर गाडी लावून चहाला बसला, हवा गुपचूप निसटत गेली, आणि ट्रक रिकाम्या केबिनसकट सावकाश रस्ता ओलांडून ज्वारीच्या रानात शिरला. कुणाला खरचटलंही नाही. पण दाजींच्या डोक्यात तो ट्रक अजून चालतोच आहे. तेव्हापासून त्यांच्या केबिनमध्ये एक काळाभोर, एका अंगाने उतरता दगड असतो. ट्रक थांबला की दाजी आधी दगड घेऊन उतरतात, चाकाखाली सरकवतात, वर एक लाथ मारतात आणि मगच जगाशी बोलायला लागतात.

बरं, हे ट्रकपुरतं असतं तरी चाललं असतं. ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या खाटेला चाकं आहेत हे बघून दाजींनी चारही चाकांना विटा लावल्या. खाट सरकवायला आलेल्या नर्सबाई जोर लावून लावून दमल्या आणि मग दाजींना जे काही बोलल्या, ते ऐकून ताई भुलीतून पूर्ण जागी झाली. एसटीत बसले तर सीट रिकामी असूनही ड्रायव्हरच्या मागे उभे राहतात आणि हवेच्या काट्यावर नजर ठेवतात. एकदा आमच्याकडे जेवताना कुकरची वाफ सुटली, तर हातातला घास टाकून ते अंगणात पळाले. "हवा सुटली कुठंतरी!" परत आले तेव्हा वरण निवलं होतं. सकाळी उठल्यावर इतर लोक देवाला हात जोडतात. दाजी आधी ट्रकच्या हवेच्या टाकीची कडी ओढून आत साठलेलं पाणी फुर्रकन बाहेर काढतात आणि मग देवाकडे वळतात. देवाने याचा राग मानल्याचं दिसत नाही.

पुढे नवा ट्रक आला. त्याचा पार्किंगचा ब्रेक उलट्या पद्धतीचा. त्यात जाड स्प्रिंगच चाक धरून ठेवते आणि हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून चाक मोकळं करते. म्हणजे हवा गेली तर गाडी पळायच्या ऐवजी जागीच जखडते. हे समजावताना मिस्त्रीचा घसा बसला. दाजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "समजलं. पर दगड ऱ्हाऊ द्या." त्यांची लेक स्वाती मात्र यावरून त्यांना फार छळायची. "आप्पा, तुमाला स्प्रिंगीचा भरवसा न्हाई, कंपनीचा न्हाई, अन् दगडाचा हाय?" दाजी म्हणायचे, "दगडाला हवा लागत न्हाई, बाई."

याच स्वातीचा साखरपुडा ठरला. दाजींचं घर केज तालुक्यातल्या त्यांच्या गावात चढावर आहे आणि ट्रक घरासमोरच लागतो. दुसरीकडे कुठे तो मावतच नाही. उताराच्या पायथ्याशी मारुतीसमोरची सपाट जागा, तिथेच मांडव घातलेला. स्वातीने आधीच बजावलं होतं, "आप्पा, सासरची माणसं बीडहून येणार हायत. आज त्यो दगड दिसला न्हाई पायजे. घ्या माझी शपथ." दाजींनी घेतली. नेमकं त्याच दिवशी सकाळी परळीहून वीज केंद्राची राख भरून येताना घाटात हवेचा पाइप फुटला. स्प्रिंगने चाकं करकचून धरली, ट्रक जागचा हलेना. मिस्त्रीने खाली शिरून लांब बोल्ट आवळले, म्हणजे स्प्रिंग जबरदस्तीने मागे ओढली, ट्रक कडेला घेतला, पाइप बदलला. राख उतरवायला वेळ उरला नाही. दाजी भरल्या ट्रकनिशीच धावतपळत घरी आले, गिअरमध्ये गाडी टाकली, ब्रेकची खुंटी ओढली, नेहमीसारखा फुस्स आवाज झाला, आणि शपथेला जागून दगड केबिनमध्येच ठेवून ते आंघोळीला गेले.

त्या दुपारी दाजींकडे बघवत नव्हतं. पाहुण्यांना टोप्या घालताना त्यांची नजर पाहुण्यांच्या डोक्यावरून वर, उताराच्या टोकाला. सोयरे उसाचं विचारतात, हे म्हणतात, "व्हय, उभा हाय." मांडवात लहान पोरं, म्हाताऱ्या बाया, बुंदीची पातेली, आणि डोक्यावर राखेने भरलेला तो ट्रक. मीही त्यांच्यासारखाच वर बघायला लागलो.  अंगठी घालायची वेळ झाली तेव्हा दाजी माझ्या कानाशी लागले, "पाव्हणं, मला न्हाई जमत. शपथ मोडली तर मोडली." आणि नव्या धोतराचा सोगा धरून चढ चढू लागले. मी मागोमाग.

वर पोचलो तर मागच्या चाकाखाली दगड होता.

दाजी त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सवयीने त्याला लाथ मारली. दगड हलेना. मुरमात रुतला होता आणि टायर त्याच्यावर पुरतं रेलून बसलं होतं. दाजी नव्या धोतरात तसेच खाली शिरले आणि बाहेर आले ते पांढरेफटक पडून. "बोल्ट तसंच हायत," ते म्हणाले. "मिस्त्री सोडायचंच विसरला." म्हणजे खुंटी ओढली, फुस्स झालं, पण स्प्रिंग बांधलेलीच होती. ब्रेक नव्हताच. गिअरमधला ट्रक ओझ्याने सरकत सरकत येऊन दगडावर टेकला होता. मला खाली मांडवातल्या सनईचा आवाज ऐकू येत होता.

"दगड कुनी लावला?" दाजींनी विचारलं. ओटीचं ताट न्यायला घरी आलेली ताई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तुमी न्हायला गेल्तावं तवा स्वातीच दगड घिऊन गेल्ती टरकाखाली. शालू नेसून. म्हणली, आप्पांना सांगू नको, त्यांनला वाटंल मी त्यांच्यावानीच झाले."

 दाजींनी डोळे धोतराच्या सोग्याने पुसले, आणि सोग्याला ग्रीस लागलेलं असल्यामुळे साखरपुड्याच्या त्यापुढच्या सगळ्या फोटोंत त्यांच्या गालावर काळा पट्टा आहे.

लग्न झालं. पाठवणीला नवरदेवाची गाडी त्याच चढावर उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाला दाजींचा दगड होता. या वेळी कुणी शपथ घातली नव्हती. पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला, बायका रडल्या, स्वाती आत बसली, ड्रायव्हरने गाडी चालू केली. आता दगड काढायचा होता. दाजी खाली वाकले ते वाकलेच. सगळे थांबले. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "काय झालं, मामा?"

"अडकलाय जरा," दाजी खालूनच म्हणाले. "थांबा. निघंना झालाय."

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. दगड केव्हाच मोकळा झाला होता. दाजींनी तो दोन्ही हातांनी चाकाला लावून धरला होता.