सरावपाठांचा महिना

निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. जळकोटला मी मास्तर होतो. बी.एड.चा एक विद्यार्थी महिनाभर सरावपाठ घ्यायला आला. पाठ सक्तीचे, पण त्यासाठी त्याला कुठूनच काही मिळत नव्हतं. तो शाळेतच झोपायचा. फळ्यावर नदीचा नकाशा असा काढायचा, की पोरं गप्प बसून बघायची. जेवायला बोलावलं, की "आत्ताच झालं" म्हणत आडाकडं जायचा. मी कधी आग्रह केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो शिकवतानाच कोसळला. मी भाकरी पुढं केली, तेव्हा म्हणाला, "गुरुजी, उपाशी राहून शिकलो. उपाशी शिकवता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी तो गावी निघून गेला. पुढं कॉलेजचा कागद आला. 'पाठ अपुरे' असं मी खरं तेच लिहिलं. तो नापास झाल्याचं नंतर कळलं. तो उपाशी होता, हे मी लिहिलं नव्हतं.