मार्कंड्याचा शिक्का

"शिक्का दाबून मारजा, बाबू. गावाचं नाव फुटाले नाई पाहिजे."

चांद्याच्या पोस्टात मी खिडकीवर बसत असे. हे वाक्य कानावर आलं की मान वर न करताही कळायचं, चाचा आले. कार्डावर शिक्का पडला की शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत राहायचे आणि मागची रांग हसत थांबायची.

चाचा मणियार होते. बांगड्यांची पेटी घेऊन जिल्ह्यातल्या साऱ्या जत्रा करायचे, आणि जिथं पोस्ट असेल तिथून स्वतःच्याच नावानं एक कार्ड टाकायचे. भांदकचा भद्रनाग, वैरागडचा भंडारेश्वर, चांद्याची महाकाली. प्रत्येक देवाच्या गावाचा शिक्का त्यांच्या पत्र्याच्या डब्यात होता. कुणीतरी एकदा विचारलं, "चाचा, तुम्ही मुसलमान. हा देवळांचा नाद कुठून लागला?"

"ज्या देवाच्या दारात माह्या बांगड्या खपते, त्याचा पत्ता मले नको?"

त्या वर्षांत टपालाच्या तिकिटांवर देवळं छापलेली असत. खजुराहोचं तिकीट हाती आलं तेव्हा चाचांनी ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मग माझ्यासमोर ठेवलं. "आन् आपलं मारकंडा? तिथली कोरणी काय कमी हाय? त्याचं तिकीट काऊन नाई?"

"तिकिटं दिल्लीत ठरतात, चाचा."

"शिक्का तर इथीच ठरते ना?"

खरी अडचण तिथंच होती. वैनगंगेच्या काठावर एवढी मोठी देवळं, महाशिवरात्रीला माणसांचा पूर लोटायचा, पण मार्कंड्याला पोस्टच नव्हतं. तिथून लिहिलेलं कार्ड चामोर्शीचा शिक्का घेऊन जायचं. चाचांना ते फार लागायचं. जत्रेपुरतं पोस्ट उघडता येतं असं माझ्या तोंडून निघालं मात्र, त्यांनी माझी पाठच धरली. अर्ज मी लिहिला. टपालखात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा चाचा तो घेऊन थेट त्यांच्यापुढं उभे राहिले.

साहेब म्हणाले, "अहो, लोक जत्रेत देवाला येतात. पत्रं लिहायला कोण येतं?"

"साहेब, देवाले सांगून झालं का माणूस घरच्याले सांगतेच."

साहेबांना हसू आलं. एका जत्रेपुरती परवानगी मिळाली, पण अटीवर. टपाल जमलं नाही तर पुन्हा मागायचं नाही. आणि जत्रेतल्या पोस्टाच्या तंबूत बसायला नेमणूक झाली माझी.

पहिल्या दिवशी तंबूत कुणी फिरकलं नाही. लोक आत डोकावायचे आणि दवाखाना समजून निघून जायचे. संध्याकाळी थैली रिकामीच होती. उद्या दुपारी साहेब येणार होते. चाचांनी माझा चेहरा पाहिला. सकाळी पाहतो तर त्यांनी आपलं दुकान उचलून तंबूच्या दाराशी मांडलेलं.

एक नवी नवरी हात पुढं करून बसली होती. बांगडी चढवता चढवता चाचांनी विचारलं, "माय कुठी राह्यते तुई?"

"पोंभुर्ण्याले."

"मंग तिले सांग ना, मारकंड्याले बांगड्या भरल्या म्हणून. तो बाबू लिवून देते."

पोरगी लाजली. शेजारची सासू म्हणाली, "लिव ना वं, काऊन लाजतं?" पोरीनं सांगितलं, मी लिहिलं: "माय, मी देवाले आली. हिरव्या भरल्या. तू चिंता करू नको." शिक्का उमटला तसं चाचांनी ते कार्ड उंच धरून मोठ्यानं सांगितलं, "पाहा, मारकंड्याचं नाव निंगालं पोंभुर्ण्याले!"

मग काय विचारता! ज्या बाईच्या हातात बांगड्या, तिला माहेर आठवायचं. गडी माणसंही आली. एकाचा भाऊ एटापल्लीकडं जंगलखात्यात होता. त्याला म्हैस व्याली हे कळवायचं होतं. एक म्हातारी मेलेल्या बहिणीला लिही म्हणून हटून बसली. चाचांनी तिला हळूच विचारलं, "तिची पोरगी हाय ना? तिले लिवू." म्हातारी डोळे पुसत हो म्हणाली.

दुपारी साहेब आले तेव्हा रांग पार देवळाच्या भिंतीपर्यंत गेली होती. माझा हात दुखायला लागला होता. साहेबांनी थैली उचलून पाहिली, कोट काढून तंबूच्या खांबाला अडकवला आणि माझ्या शेजारी बसून स्वतः कार्डं लिहू लागले. मधेच मान वर करून म्हणाले, "पुढच्या वर्षी इथं दोन माणसं लागतील."

साऱ्यांत शेवटी चाचा माझ्यापुढं आले. एरवी रजिस्टर पाकिटावर लावायचं ते खजुराहोचं महागडं तिकीट त्यांनी साध्या कार्डावर चिकटवून आणलं होतं. मी जीव ओतून शिक्का मारला. खजुराहोच्या शिखराभोवती मार्कंडा हे नाव गोल, स्वच्छ उमटलं. चाचांनी कार्ड डोक्यावर धरलं आणि असे काही ओरडले, की नदीत अंघोळ करणारे लोक वळून पाहू लागले. तंबूभोवतीच्या बाया टाळ्या पिटू लागल्या. हर हर महादेवचा गजर झाला, आणि त्यात चाचांचा आवाज सगळ्यांत वर होता.

पुढं दर शिवरात्रीला तिथं आमचा तंबू लागला, आणि त्याच्या दाराशी चाचांचं दुकान. एका वर्षी चाचा आले नाहीत. पावसाळ्यातल्या तापानं ते गेले, एवढंच चांद्याला कळलं होतं.

मार्कंड्याला त्या वर्षी दुकानांची फार दाटी होती. तांब्या-पितळेचं दुकान फुटाणेवाल्याच्या अंगावर आलेलं, पाय ठेवायला जागा नाही. फक्त तंबूच्या दाराजवळचा चौकोन मोकळा होता. बायांनी तो शेणानं सारवून ठेवला होता, आणि येणारा जाणारा त्याला वळसा घालून जात होता.