कोळशाच्या फुल्या

डोमाजी कटरे कुठल्याही लाकडावर सरळ बसत नसत. आधी बोटाच्या पेराने दोनदा ठोकणार, कान लावणार, वास घेणार आणि मगच टेकणार. माझी ऑफिसातली खुर्ची त्यांनी पहिल्याच दिवशी अशी तपासली आणि ते उभेच राहिले. "बाबूजी, हे खुर्ची आतून गेली आहे. तुमी काऊन बसून राह्यले हिच्यावर?" मी चोवीस वर्षांचा, गोंदिया शहरातून नुकताच आलेला डेपोचा कारकून. मी हसलो. आठवडाभरात खुर्चीचा मागचा पाय मोडला आणि हसायची पाळी डेपोतल्या मजूर बायकांची आली.

नवेगाव बांधच्या बाजूला, रेल्वेच्या फाट्याला लागून आमचा डेपो होता. जंगलातून सालईचे ओंडके येत, त्यांच्या माणूसभर उंच थप्प्या लागत आणि तिथून ते लगदा करायला कागदाच्या गिरणीत जात. डोमाजी तिथले मुकादम. मूळचे मुर्री गावचे, जातीने पोवार. थोरला भाऊ कुजक्या फांदीवरून पडून गेला, तेव्हापासून लाकडावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. लोक त्यांना भित्रा म्हणत. ते म्हणत, "डरतो म्हनूनच त पन्नाशी पाहिलो."

लाकडाची बुरशी मला त्यांनीच शिकवली. पांढऱ्या सडीचं लाकूड मऊ पडतं, त्याच्या तारा सुटतात, तरी थोडाफार लगदा निघतो. लाल सडीचं लाकूड वरून धडधाकट दिसतं आणि आत त्याचे चौकोनी तुकडे पडून भुगा होतो. "पांढरा सडला त दोरा राह्यते, दोऱ्याचा कागद होते. लाल सडला त पीठ राह्यते. पिठाचा कागद होते का, बाबूजी? अन् पिठावर मानूस उभा राह्यते का?" अशा ओंडक्याच्या तोंडावर ते कोळशाने फुली मारत. फुली असलेल्या थप्पीवर कोणी चढायचं नाही, हा त्यांचा कायदा.

त्या वर्षी थप्प्या अख्खा पावसाळा भिजत पडल्या. आश्विनात तिसऱ्या थप्पीच्या पायातल्या ओंडक्यांवर डोमाजींनी सात-आठ फुल्या मारल्या. मी गिरणीच्या साहेबांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की लाल सड हा थंड मुलखातल्या चीड-देवदाराचा रोग, सालईला तो सहसा होत नाही, मुकादमाचा भ्रम दिसतो. साहेब पुस्तक वाचून बोलत होते आणि डोमाजी वास घेऊन. मी पुस्तकाच्या बाजूला गेलो.

साहेब पाहणीला येणार होते. आदल्या दिवशी डोमाजी लेकीला सोडायला मुर्रीला गेले होते. आपल्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की भिंतीला गेरू लागतो. मी बायकांना सांगितलं, ओंडक्यांची तोंडं गेरूने सारवून काढा. त्यांनी हौसेने सारवली, वर छुई मातीची पांढरी किनारही ओढली. तिसऱ्या थप्पीपाशी त्यांच्यातली सोमारी थांबली. "बाबूजी, अथी डोमाजीच्या फुल्या आहेत. लावू का?"

"लाव," मी म्हणालो.

सकाळच्या गाडीने डोमाजी उतरले, तेव्हा सोमारी माझ्या सांगण्यावरून एका थप्पीवर चढून पाला झाडत होती. ती फुल्यांचीच थप्पी का, हे त्यांना दुरून कळेना. सगळ्या थप्प्या सारख्याच लाल. "फुल्या कोठी गेल्या?" त्यांनी मला विचारलं. उत्तराची वाट न पाहता ते कुऱ्हाडीच्या पाठीने एकेक ओंडका ठोकत निघाले. तिसऱ्या थप्पीपाशी ते थांबले. ती घाबरू नये म्हणून हलक्या आवाजात म्हणाले, "सोमारी, बाई, मांगून उतर. हरू हरू. पाय आपटू नोको."

सोमारी उतरली. तिचा पाय जमिनीला लागला आणि खालचा ओंडका शिळ्या भाकरीसारखा मोडला. थप्पी पुढच्या अंगाला आली. डोमाजी पुढेच उभे होते.

साहेब दुपारी आले. त्यांनी विचारलं, "या थप्पीला खुणा केल्या होत्या का?" डोमाजी तिथेच बाजेवर होते, पाय चेचलेला, पण शुद्धीवर. माझी नोकरी जाईल, एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, "नाही." बायका विखुरलेले ओंडके आवरायला लागल्या. डोमाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पुढे त्यांचा पाय गुडघ्यापासून कापला, आणि हलगर्जीचा ठपका ठेवून नोकरीही काढून घेतली.

तीन महिने मला धड झोप नव्हती. शेवटी मुर्रीला गेलो. डोमाजी अंगणात बाजेवर बसले होते.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो.

"मालूम आहे. तुमी डरले." त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितला. मग विचारलं, "नवा मुकादम कोन आहे?"

"अजून नेमला नाही."

"मंग सोमारी कोनाले पुसून चढते थपीवर?"

"मला."

डोमाजींनी बायकोला हाक मारून चहा राहू दे म्हणून सांगितलं आणि कुबडी मागितली, ओंडके ठोकायची कुऱ्हाडही.

"नवेगावची गाडी कितीक वाजता आहे?" त्यांनी मला विचारलं.