शुक्रवारचा पाव

किलगारानच्या बाजारात चांगलं काय मिळतं असं परक्या माणसाने विचारलं, की आमचं उत्तर ठरलेलं. अंडी डिंफ्नाची, बटाटे टान्सी म्हाताऱ्याचे आणि पाव अट्रॅक्टाचा. दर शुक्रवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात. तिथे ताकात कालवलेला, जाड कोंड्याचा, वर क्रूसाच्या आकाराची चीर दिलेला तिचा पाव बघता बघता संपायचा.

नोव्हेंबरात तिचा नवरा कोलमन गोठ्यातच गेला. मातीला सगळं गाव जमलं, चहा-सँडविच झालं, जो तो तिचा हात दाबून गेला. तिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. पुढच्याच शुक्रवारी बाई पाव घेऊन हजर! लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं. हात पीठ कालवायचे, गाडी बाजारात यायची, ती टेबलामागे उभी राहायची. घरी चहा-बिस्किटांपलीकडे घशाखाली काही उतरत नव्हतं. शुक्रवार होता म्हणून ती अंथरुणातून उठत होती. एक शुक्रवार चुकला, तर ही दार लावून घेईल आणि पुन्हा उघडायची नाही, हे गाव ओळखून होतं. तीही ओळखून होती, पण त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

मार्चमध्ये गॉलवे शहरातून एक तरुण आचारी आला. त्याला आपल्या खाणावळीसाठी आसपासचाच माल हवा होता. टान्सीचे बटाटे त्याने नखाने खरवडून पाहिले, डिंफ्नाची अंडी उजेडाकडे धरली, आणि पाव कुणाचा घ्यावा म्हणून दोघांनाही विचारलं. एरवी चटकन बोट दाखवणारी ही माणसं त्या दिवशी छताकडे बघू लागली. शेवटी अट्रॅक्टाचं टेबल त्याचं त्यानेच शोधलं. पाव तिथल्या तिथे मोडला, लोणी न लावता तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला.

"बाई, यात मीठ नाही."

अट्रॅक्टाने डिंफ्नाकडे पाहिलं. डिंफ्ना उगाच अंड्यांचे खोके सारखे करत राहिली.

"कधीपासून?" अट्रॅक्टाने विचारलं.

"नोव्हेंबरपासून."

"आणि तुम्ही मुकाट्याने विकत घेत होतात?"

"तू येत होतीस ना," डिंफ्ना म्हणाली. "सांगितलं असतं, तर आली नसतीस. माझ्या कोंबड्यासुद्धा विटल्या आता त्या पावाला."

टान्सी खुसखुसला. अट्रॅक्टा हसली नाही, चिडलीही नाही. तिने एक तुकडा तोंडात टाकला. ठार अळणी. मग तिच्या लक्षात आलं, की लग्न झाल्यापासून तिने पावात मीठ कधी घातलंच नव्हतं. ती पीठ घ्यायची, सोडा घालायची, ताक आणायला वळायची. तेवढ्यात कोलमन बुटांचा चिखल पायपुसण्याला पुसत आत यायचा, बरणीतलं मीठ हातावर घेऊन पिठात टाकायचा आणि गुरांकडे निघून जायचा. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते. बोलण्यासारखं होतं काय त्यात?

आचारी ओशाळला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो म्हणाला आणि बटाटे घेऊन गेला.

पुढच्या खेपेला पीठ कालवताना तिने मिठाची बरणी उघडली आणि तशीच उभी राहिली. किती घालायचं? स्वतःच्या तळहातावर मीठ घेऊन टाकलं. त्याचा पंजा मोठा, म्हणून आणखी थोडं. मग आणखी थोडं.

शुक्रवारी हॉल उघडताच डिंफ्नाने तुकडा मोडला. या वेळी ती छताकडे बघत बसली नाही.

"खारट झालाय गं. तोंडात धरवत नाही."

अट्रॅक्टाने मान हलवली. "त्याचा हात केवढा होता, तेच मला नीट आठवत नाहीये," ती म्हणाली, आणि टेबलाची कड धरून, साऱ्या गिऱ्हाइकांच्या देखत, रडायला लागली.